वरच्या आयजीबीटीच्या गेटवर दिसणारा ७ व्होल्टचा काटा खरा की खोटा? (स्कोप आणि डिफरन्शियल प्रोब)

खाडीपलीकडे | २ जुलै, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून विचारतोय. गेले आठ दिवस यात अडकलोय आणि अर्धवट माहिती दिली तर तुम्हालाही अंदाजच बांधावे लागतील.

रत्नागिरीजवळ माझं दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. बोटींवरचे इन्व्हर्टर, आंबा कॅनिंगवाल्यांची पॅनेलं, बर्फ कारखान्यांचे ड्राइव्ह अशी कामं येतात. सध्या बाकावर एका बर्फ कारखान्याचा थ्री फेज व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) आहे. बर्फाचे डबे मिठाच्या पाण्याच्या टाकीत बुडवलेले असतात आणि ते पाणी सतत ढवळावं लागतं. ढवळणारी मोटर या ड्राइव्हवर चालते. मे महिन्यात ऐन घाईत तो दोन-अडीच तास चालला की ओव्हरकरंट दाखवून बंद पडायचा. ढवळणं थांबलं की बर्फ सारखा धरत नाही, आणि तिकडे मिरकरवाड्याला बोटी बर्फासाठी खोळंबून राहतात. १ जूनला मासेमारी बंद झाली, तेव्हा मालकांनी ड्राइव्ह उतरवून माझ्याकडे आणून दिला. बोटी पुन्हा निघायच्या आत तो परत बसवायचा आहे.

मोटरचं इन्सुलेशन तपासलं, चांगलं आहे. आयजीबीटी, म्हणजे मोटरला वीज तोडून-जोडून देणारे इलेक्ट्रॉनिक स्विच, त्यांचं मॉड्यूल मीटरवर ठीक आहे. करंट सेन्सरही ठीक. मग गेट, म्हणजे या स्विचना चालू-बंद करणाऱ्या पिना, बघायला घेतले. प्रत्येक फेजला एक वरचा आणि एक खालचा आयजीबीटी असतो. खालच्या तिन्हींचे गेट स्वच्छ दिसले. वरच्यांसाठी मित्राकडून डिफरन्शियल प्रोब (दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) मागून आणला, कारण वरच्याचा एमिटर म्हणजे मोटरकडे जाणारी तार. ती कधी शून्यावर, कधी पूर्ण डीसी बसवर (ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्यावर) असते. ४१५ व्होल्टचं शिखर धरलं तर बस साधारण ५८७ व्होल्ट. तिथे स्कोपची (ऑसिलोस्कोपची) साधी क्लिप लावायचा प्रश्नच नव्हता.

प्रोबची एक टोकणी गेटला, दुसरी एमिटरला. यू, व्ही, डब्ल्यू या तीन फेजपैकी व्हीवर असं दिसतं: वरचा आयजीबीटी बंद असताना खालचा चालू झाला की त्याच क्षणी वरच्या गेटवर ७ व्होल्टचा काटा, म्हणजे क्षणभराची टोकदार उसळी, येतो. हा आयजीबीटी पाच-सहा व्होल्टला उघडायला लागतो. म्हणजे दोन्ही क्षणभर एकदम चालू होतायत, बस शॉर्ट होतेय आणि त्यामुळे ट्रिप होतोय, असा मी अर्थ लावला. गेटचा रेझिस्टर बदलला, ड्रायव्हर चिप बदलली, मग दुसऱ्या दुकानातून आणून पुन्हा बदलली. काटा जागचा हलत नाही. आणखी काय बदलू?

---

उलटसुलट | २ जुलै, रात्री १०:१५

बाकीच्या दोन फेजवर काटा आहे का?

खाडीपलीकडे | २ जुलै, रात्री १०:२२

आहे. यू आणि डब्ल्यूवर साडेसहाच्या आसपास. व्हीवर सात.

उलटसुलट | २ जुलै, रात्री १०:३१

मग आता काही बदलू नकोस. तिन्ही फेज एकाच वेळी एकाच प्रकारे बिघडत नाहीत. तुझा काटा ड्राइव्हमध्ये नसून तुझ्या मोजण्यात असेल असं मला वाटतं. उद्या एवढंच कर: प्रोबच्या दोन्ही टोकण्या एमिटरला लाव. गेटला काहीच नको. दोन्ही टोकं एकाच बिंदूवर असतील तर फरक शून्य, स्क्रीनवर सरळ रेघ यायला हवी. ड्राइव्ह चालव आणि बघ. टोकण्या लावताना वीज पूर्ण बंद ठेव, बसचे कॅपॅसिटर रिकामे झालेत हे मीटरने बघून घे, मग लाव. चालू असताना हात नको.

---

सडा | ३ जुलै, सकाळी ७:०५

एवढा खटाटोप कशाला? स्कोपच्या तीन पिनी प्लगातली अर्थची पिन काढून टाका आणि साधा प्रोब लावा. आमच्याकडे सगळे असंच करतात. स्कोप तरंगता झाला की क्लिप कुठेही लावता येते.

माडाची सावली | ३ जुलै, सकाळी ७:४८

सडा, हे कृपा करून कुणाला सांगू नका. मी दवाखान्यातली उपकरणं दुरुस्त करते, म्हणून या विषयावर गप्प बसवत नाही.

स्कोपच्या बीएनसी सॉकेटचं बाहेरचं कडं, प्रोबची क्लिप, स्कोपची धातूची पेटी आणि प्लगातली अर्थची पिन हे सगळं आत एकाच तारेवर आहे. अर्थ काढली म्हणून हे तुटत नाही. फक्त त्या सगळ्याला जमिनीशी बांधून ठेवणारा दोर तुटतो. आता क्लिप त्या एमिटरला लावली की स्कोपची पेटी, बटणांच्या मागची पट्टी, दुसऱ्या चॅनेलचं सॉकेट, मागचं यूएसबीचं तोंड, सगळं ५८७ व्होल्टपर्यंत उड्या मारायला लागतं. जुलै महिना आहे. फरशी ओली, पाय ओले, भिंतीला ओल. हात लागला की वाट जमिनीकडे तुमच्या छातीतून जाते. तीस मिलिअँपिअरची ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असली तरी भरवसा नको, कारण ड्राइव्हच्या गळतीने ती सारखी पडते म्हणून बऱ्याच ठिकाणी ती आधीच बायपास केलेली असते.

आणि जीव वाचला तरी मोजणी खोटीच येते. स्कोपची पेटी आणि जमीन यांच्यामध्ये कॅपॅसिटन्स असतो. एमिटर दर उडीला ती अख्खी पेटी वर-खाली ओढतो. तेवढा भार तुम्ही मोजायच्या जागीच टांगलेला असतो.

सडा | ३ जुलै, सकाळी ८:२०

आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला तर?

माडाची सावली | ३ जुलै, सकाळी ८:३३

ट्रान्सफॉर्मर लावायचा तर ज्या यंत्राची दुरुस्ती चालू आहे त्याला लावा, स्कोपला कधीच नाही. स्कोप अर्थलाच राहू दे. छोट्या एसएमपीएसला (स्विचिंग पॉवर सप्लायला) हे चालतं. थ्री फेज ड्राइव्हला तेवढा ट्रान्सफॉर्मर कुणाच्या वर्कशॉपात असतो? बॅटरीवरचा, प्लास्टिकच्या पेटीचा, चॅनेल एकमेकांपासून वेगळे असलेला हँडहेल्ड स्कोप असेल तर तो याच कामासाठी बनवलेला असतो. नाहीतर डिफरन्शियल प्रोब. खाडीपलीकडे यांनी योग्य हत्यार आणलं आहे, फक्त त्याची ओळख अजून पुरती झालेली नाही.

सडा | ३ जुलै, सकाळी ८:५१

पेटीचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. माझ्या स्कोपच्या प्लगाला पिन परत लावतो. धन्यवाद ताई.

---

सुरमई | ३ जुलै, दुपारी १:१०

ह्यां वाचून माका गेल्या वर्साची गजाल आठवली. मालवणाक एका ट्रॉलरवर २४ व्होल्टाच्या बॅटरीचो बिघाड बघूक गेलंय. स्कोपाक लाईट धक्क्यावरसून वायर टाकून घेतलेली. बोटीवर चार्जर होतो, तोय धक्क्याच्याच लाईटीवर. त्या चार्जराचा वजा टोक पेटीक आणि पेटी अर्थाक, तां माका म्हायत नाय होता. मी क्लिप बॅटरीच्या अधिक टोकाक लावलंय आणि प्रोबाची वायर हातातच लाल झाली. दोन बोटांक फोड इले. २४ व्होल्टाक काय होताला, असा मी समजत होतंय. बॅटरीत करंट किती असता त्याचो इचार केलोच नाय.

खाडीपलीकडे | ३ जुलै, दुपारी १:४५

सुरमई, बोटं बरी आहेत ना आता? हे लिहिलंस ते फार बरं केलंस. बोटीवर मीही असाच जातो.

---

खाडीपलीकडे | ३ जुलै, रात्री ८:५५

उलटसुलट, तुमची परीक्षा केली. दोन्ही टोकण्या व्ही फेजच्या एमिटरला, गेट मोकळा. ड्राइव्ह चालू केला आणि स्क्रीनवर ६ व्होल्टचा काटा. त्याच जागी, त्याच आकाराचा!

दोन्ही टोकं एका स्क्रूवर असताना ६ व्होल्ट कुठून येतात? प्रोब बिघडलाय का? मित्राचा आहे, म्हणून धास्ती वाटते.

उलटसुलट | ३ जुलै, रात्री ९:३०

प्रोब चांगला आहे. तो जे करतो ते नीट समजून घेऊ.

डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायरला दोन इनपुट. जे दोन्हींवर सारखं आहे ते टाकून द्यायचं, जे वेगळं आहे तेवढं पुढे पाठवायचं. सारखं आहे ते म्हणजे कॉमन मोड. तुझ्याकडे कॉमन मोड म्हणजे ५८७ व्होल्टची उडी, आणि हवा असलेला फरक म्हणजे गेटचे १५ व्होल्ट. आता अ‍ॅम्प्लिफायर कितीही चांगला असला तरी त्याच्या दोन बाजू तंतोतंत जुळ्या नसतात. रेझिस्टरमध्ये केसभर फरक, कॅपॅसिटन्समध्ये केसभर फरक. त्या फरकातून कॉमन मोडचा थोडा अंश पुढे झिरपतो. किती झिरपतो ते सीएमआरआर (कॉमन मोड रिजेक्शन रेशो) सांगतो.

प्रोबच्या पत्रकात बहुतेक वेळा ५० हर्ट्झला ८० डीबी असं काहीतरी छापलेलं असतं. ८० डीबी म्हणजे दहा हजारांत एक. ५८७ भागिले १०,००० केलं तर ०.०६ व्होल्टही येत नाही. हे वाचून माणूस निर्धास्त होतो. पण त्याच पत्रकात खाली बघ, फ्रिक्वेन्सी वाढली की हा आकडा उतरत जातो. १ मेगाहर्ट्झला ५० डीबी, त्यापुढे आणखी कमी. कारण जास्त फ्रिक्वेन्सीला दोन बाजूंच्या कॅपॅसिटन्समधला पिकोफॅरडचा फरकसुद्धा बोलायला लागतो.

तुझी उडी किती वेगाची आहे? आयजीबीटी समज १०० नॅनोसेकंदांत शून्यावरून बसवर जातो. उडीच्या वेळेवरून फ्रिक्वेन्सी काढायच्या ढोबळ नियमाने ०.३५ भागिले १०० नॅनोसेकंद केलं की ३.५ मेगाहर्ट्झ येतात. तिथे प्रोबचा सीएमआरआर ४० डीबी धरला तर शंभरात एक. ५८७ चा शंभरावा भाग ५.९ व्होल्ट. तू वाचलेस ६.

खाडीपलीकडे | ३ जुलै, रात्री ९:४२

हे दोनदा वाचलं. म्हणजे मी दोन ड्रायव्हर चिपा त्या झिरपलेल्या कॉमन मोडपायी बदलल्या.

माडाची सावली | ३ जुलै, रात्री १०:०५

चिपांचा खर्च गेला, पण पुढच्या कामात ही परीक्षा आधी कराल. माझ्या कामात हाच प्रश्न रोज असतो, फक्त आकडे उलट्या टोकाचे. ईसीजीत छातीवरचा फरक एक मिलिव्होल्टच्या आसपास आणि घरातल्या वायरिंगमुळे अंगावर चढलेला ५० हर्ट्झ त्याच्या कितीतरी पट. तिथे तीन ऑपअँपचा (ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर चिपांचा) इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर असतो. शिवाय उजव्या पायाच्या इलेक्ट्रोडमधून तो ५० हर्ट्झ उलटा करून अंगात परत सोडतात, म्हणजे कॉमन मोड मुळातच कमी होतो. अ‍ॅम्प्लिफायरने सगळं टाकून द्यावं अशी अपेक्षा करण्याआधी त्याच्यापर्यंत पोचणारं कमी करायचं, हे तुमच्या ड्राइव्हवरही चालेल. तारा पीळ देऊन ठेवल्यात का?

खाडीपलीकडे | ३ जुलै, रात्री १०:११

नाही. दोन्ही तारा सरळ, हातभर लांब, हीटसिंकवरून दोन बाजूंनी नेल्यात.

माडाची सावली | ३ जुलै, रात्री १०:२६

मग त्या दोन तारा मिळून एक मोठी रिंगण झाली. मॉड्यूलमधून धावणाऱ्या करंटचं चुंबकीय क्षेत्र त्या रिंगणातून जातं आणि खराखुरा व्होल्टेज तयार करतं. हा अ‍ॅम्प्लिफायरला फरक म्हणूनच दिसतो, तो कसा टाकणार? दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळून घ्या, अगदी टोकाशी येईपर्यंत. जेवढ्या आखूड करता येतील तेवढ्या करा. प्रोबची पेटी मॉड्यूलपासून लांब ठेवा. आणि रेंज कोणती आहे?

खाडीपलीकडे | ३ जुलै, रात्री १०:३०

१०० पट.

उलटसुलट | ३ जुलै, रात्री १०:४४

१० पटीवर आण. प्रोबवर दोन मर्यादा वेगवेगळ्या छापलेल्या असतात, त्या दोन्ही वाच. एक, दोन टोकांमधला फरक किती चालेल. दुसरी, कोणतंही एक टोक जमिनीपासून किती वर जाऊ शकतं. रेंज बदलली की पहिली बदलते. दुसरी तुझ्या प्रोबवर दोन्ही रेंजला तेवढीच राहते का ते बघून घे, मगच बदल. गेटचा फरक वीसच्या आतला आहे, त्याला १०० पटीने बारीक करून स्कोपने परत मोठा करायचा म्हणजे प्रोबचा स्वतःचा आवाजही (नॉइज) शंभरपट. स्कोपच्या चॅनेलवरही १०एक्स लावायला विसरू नकोस.

आणखी एक. प्रोबमध्ये सेल आहेत ना? ते नवे टाक. सेल उतरले की हे प्रोब गुपचूप चुकीचं वाचायला लागतात. चालू करून वीस मिनिटं तापू दे, मग शून्य लाव.

---

पावशेर | ४ जुलै, सकाळी १०:२०

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिफरन्शियल प्रोब परवडत नाही. दोन साधे प्रोब लावून स्कोपमध्ये चॅनेल १ वजा चॅनेल २ केलं तर तेच होत नाही का?

उलटसुलट | ४ जुलै, सकाळी ११:०२

तत्त्व तेच. दोन्ही क्लिपा एकमेकींना जोडायच्या, सर्किटला लावायच्या नाहीत. दोन्ही चॅनेलचा व्होल्ट पर डिव्हिजन एकच. दोन्ही प्रोब स्कोपच्या चौकोनी लहरीवर नीट कॉम्पेन्सेट केलेले. पण या ड्राइव्हवर ते पुरणार नाही. का, ते गणिताने बघ.

५८७ व्होल्ट स्क्रीनवर मावायला १०० व्होल्ट पर डिव्हिजन लागेल. आठ डिव्हिजन म्हणजे ८०० व्होल्ट. साधारण स्कोप ८ बिटचा, २५६ पायऱ्या. एक पायरी ३ व्होल्टहून मोठी. गेटचे १५ व्होल्ट पाच पायऱ्यांत दिसणार. त्यात दोन प्रोबमध्ये एक टक्क्याचा फरक असला तर ५८७ वर ५.९ व्होल्ट आणखी खोटे. आणि साधा १०एक्स प्रोब ५८७ व्होल्टला चालतो का, ते त्याच्यावर छापलंय तेवढंच मान. लहान व्होल्टेजवर, समज १२ व्होल्टच्या बोर्डावर एखाद्या रेझिस्टरवरचा ड्रॉप बघायला मात्र ही पद्धत चांगली आहे. शिकायला जरूर कर.

जुना बाक | ४ जुलै, दुपारी ३:१५

पावशेर, शिकतोयस म्हणून थोडी जुनी माहिती. डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायरची ही जोडी मेडिकलच्या आणि टेलिव्हिजनच्या लोकांनी घडवली. १९३४ मध्ये मॅथ्यूज यांनी मज्जातंतूंचे बारीक सिग्नल पकडायला डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायर वापरला. १९३६ मध्ये ब्लूमलाइन यांनी दोन व्हॉल्व्हचे कॅथोड एकत्र बांधून खाली एकच मोठा रेझिस्टर टाकलेल्या जोडीचं पेटंट मागितलं. ऑपअँपच्या आत पहिल्या पायरीला आजही तीच जोडी असते, व्हॉल्व्हच्या जागी ट्रान्झिस्टर. आम्ही ट्रान्झिस्टरवर ती ब्रेडबोर्डवर बांधली होती. दोन ट्रान्झिस्टर जुळते निवडण्यात एक दुपार गेली आणि नंतर एकावर बोट टेकवलं तरी आउटपुट सरकायचा. बोटाच्या उबेने. जुळेपणाला काय किंमत आहे ते मला तेव्हा कळलं. ही जोडी एकदा तरी स्वतःच्या हाताने बांध.

---

सुरमई | ४ जुलै, संध्याकाळी ६:५०

माका एक विचारूचा हा. बोटीवर चार्जिंग किती होता तां बघूचा आसा. ५० अँपिअर ७५ मिलिव्होल्टाचो शंट (करंट मोजूचो बारको रेझिस्टर) अधिकाच्या तारेत आसा. चार रेझिस्टर आणि एक ऑपअँप लावून डिफरन्स अ‍ॅम्प्लिफायर केलो तर चलात? एक टक्केवाले रेझिस्टर घराक आसत.

उलटसुलट | ४ जुलै, संध्याकाळी ७:३५

सुरमई, नको. हे उदाहरण मला फार आवडलं, म्हणून पूर्ण करून दाखवतो.

चार रेझिस्टरच्या सर्किटचा सीएमआरआर ऑपअँपवर कमी, रेझिस्टरच्या जुळणीवर जास्त अवलंबून असतो. गेन एक असेल आणि रेझिस्टर एक टक्क्याचे, तर वाईटात वाईट पन्नासात एक, म्हणजे ३४ डीबी. तुझा कॉमन मोड २४ व्होल्ट. त्याचा पन्नासावा भाग ०.४८ व्होल्ट. आणि शंट पूर्ण ५० अँपिअरला देणार ०.०७५ व्होल्ट. खोटं खऱ्याच्या सहापट! ०.१ टक्क्याचे रेझिस्टर आणलेस तरी खोटं ०.०४८ व्होल्टपर्यंत जाऊ शकतं.

एडी६२९ नावाची चिप मिळते. आत रेझिस्टर लेसरने छाटून जुळवलेले, गेन एक. ±१५ व्होल्ट सप्लायवर ती ±२७० व्होल्टपर्यंतचा कॉमन मोड पेलते. साध्या ग्रेडचा सीएमआरआर किमान ७७ डीबी. २४ व्होल्टवर खोटं सुमारे साडेतीन मिलिव्होल्ट. बॅटरीचा व्होल्टेज फारसा हलत नाही, म्हणून चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद करून जो आकडा येतो तो शून्य धर आणि पुढच्या वाचनातून वजा कर. उरतो तो बराच खरा. एडी६२० सरळ लावू नकोस. त्याला इनपुट त्याच्या सप्लायच्या आत लागतात, आणि १५ व्होल्टच्या सप्लायवर २४ बसत नाहीत.

पावशेर, तूही वाचत असशील तर लक्षात ठेव. एडी६२९ घरातल्या २३० व्होल्टवर लावायची नाही. २३० चं शिखर ३२५ व्होल्ट असतं, २७० च्या वर.

सुरमई | ४ जुलै, संध्याकाळी ७:५२

मगे शंट वजाच्या तारेत नेलो तर?

उलटसुलट | ४ जुलै, रात्री ८:०५

तर कॉमन मोड जवळजवळ नाहीच, साधा अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. पण इंजिनाचा ब्लॉक वजा असतो. स्टार्टरचा आणि अल्टरनेटरचा करंट ब्लॉकमधून परस्पर जातो, शंटला वळसा घालून. सगळ्या वजा तारा शंटच्या पलीकडच्या एकाच बोल्टवर आणता येत असतील तरच. बोटीवर ते जमतं का हे तुला जास्त माहीत.

सुरमई | ४ जुलै, रात्री ८:११

जमूचा नाय. चिप मागवतंय.

---

खाडीपलीकडे | ५ जुलै, रात्री ११:२०

आज दिवसभर पाऊस, दोनदा लाईट गेली, पण काम झालं.

तारा पिळल्या, वीतभर ठेवल्या. टोकण्यांऐवजी मॉड्यूलच्या पायांवरच दोन छोट्या पिना सोल्डर केल्या आणि त्यावर प्रोब बसवला. कॉमन मोडची मर्यादा दोन्ही रेंजला तेवढीच आहे हे प्रोबवर वाचलं, मग १० पटीवर आणला. नवे सेल टाकले. आधी पुन्हा दोन्ही टोकं एमिटरला. काटा ६ वरून पावणेदोनवर आला. ते चित्र स्कोपमध्ये साठवून ठेवलं आणि मग एक टोक गेटला नेलं. काटा दोनच्या आसपास. साठवलेलं चित्र त्याच्यावर ठेवलं तर दोन्ही जवळजवळ एकावर एक बसतात. गेटवर खरं म्हणण्यासारखं फार तर पाव व्होल्ट उरतं. त्याने आयजीबीटी उघडायचा नाही.

मग काटा सोडून दिला आणि बाकीची लहर बघितली. आठ दिवसांत मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. काट्यावर नजर खिळली होती. आयजीबीटी चालू असतानाचा वरचा सपाट भाग घेतला. उडी होऊन वीस मायक्रोसेकंद झालेले असतात, एमिटर स्थिर असतो, तिथे प्रोबचा चांगला ८० डीबीवाला आकडा लागू होतो. म्हणजे तिथलं वाचन विश्वासाचं. चालू केल्या केल्या यू, व्ही, डब्ल्यू तिन्हींवर १४.८. मोटरवर भार ठेवून चालू ठेवला आणि दर पंधरा मिनिटांनी वीज बंद करून टोकणी एकेका फेजवर नेली. एक तासाने यू १४.७, डब्ल्यू १४.७, व्ही १३.६. दोन तासांनी व्ही १२.३. दोन तास दहा मिनिटांनी ट्रिप.

उलटसुलट | ५ जुलै, रात्री ११:३१

अरे वा! व्हीच्या वरच्या गेटला वीज देणारा तरंगता सप्लाय बसतोय, त्याचा व्होल्टेज उतरतोय. गेटला व्होल्टेज कमी मिळालं की आयजीबीटीवरचा ड्रॉप वाढतो, ड्रायव्हर त्याला शॉर्ट समजतो आणि ओव्हरकरंट दाखवतो. कॅपॅसिटर बघ.

खाडीपलीकडे | ५ जुलै, रात्री ११:४४

बघितला. व्हीच्या सप्लायचा इलेक्ट्रोलायटिक हीटसिंकच्या अगदी कुशीत आहे. वरून टवटवीत, फुगलेला नाही, म्हणून मी कधी काढलाच नव्हता. काढल्यावर खाली चिकट डाग आणि पायाकडे जाणारा ट्रॅक हिरवा-काळा. आतलं पाणी गळलं आणि वरून खारा वारा. भिंगाखाली ट्रॅक धाग्याएवढा उरलेला दिसतो, तापला की त्याचा रोध वाढत असणार. मल्टिमीटरवर थंड असताना तो सरळ बीप देतो.

ट्रॅक खरवडून स्पिरिटने धुतला, तांब्याची तार टाकली. तिन्ही फेजचे कॅपॅसिटर १०५ अंशांचे टाकले आणि बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ थर) मारलं. उद्या भारावर चालवतो.

माडाची सावली | ६ जुलै, सकाळी ७:१५

कोटिंग मारण्याआधी बोर्ड गरम करून पूर्ण सुकवला होता ना? जुलैत हवेतलीच ओल कोटिंगखाली कोंडली गेली तर हिरवा गंज आतल्या आत चालू राहतो.

खाडीपलीकडे | ६ जुलै, सकाळी ७:४०

नाही ताई, फक्त पुसून मारलं होतं. काढतो, बल्बच्या पेटीत सुकवतो आणि पुन्हा मारतो. चाचणी एक दिवस पुढे.

---

खाडीपलीकडे | ८ जुलै, रात्री ९:०५

काल आणि आज मिळून सात तास चालवला. सलग चार तासांनंतर व्हीवर १४.७, बाकी दोन्हींवर १४.७. एकदाही ट्रिप नाही.

पावशेरने व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं की जुनी ड्रायव्हर चिप खरंच चांगली होती का. पहिली, मूळची चिप मी डब्यात ठेवली होती. आज ती परत बसवली आणि तासभर चालवली. चांगली होती.

मित्राचा प्रोब रविवारी परत द्यायचा आहे. त्याच्या पेटीत एक चिठ्ठी ठेवतोय: दोन्ही टोकं एकत्र, १० पट, पिळलेल्या तारा, ५८७ व्होल्टच्या उडीवर १.८ व्होल्ट. पुढे जो कुणी हा प्रोब मागून नेईल त्याला त्याचा आकडा आधीच माहीत असेल.

पावशेर | ८ जुलै, रात्री ९:२०

दादा, त्या चिठ्ठीत साठवलेलं चित्रही छापून ठेवाल का? मला इथेही टाका, प्रॅक्टिकलच्या वहीला लावतो.

खाडीपलीकडे | ८ जुलै, रात्री ९:२६

टाकतो. लाईट आली की स्कोपमधून पेनड्राइव्हवर काढतो.